आंतरराष्ट्रीय रोमिंग

आंतरराष्ट्रीय रोमिंग म्हणजे भ्रमणध्वनीच्या ग्राहकाला परदेशात गेल्यावर तेथील दूरसंचार कंपनीच्या जाळ्यामार्फत आपलाच क्रमांक आणि आपलेच सिमकार्ड वापरता येण्याची सोय होय. या सोयीमुळे प्रवासी जगाच्या पाठीवर कोठेही असला तरी त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर कॉल व लघुसंदेश येऊ शकतात आणि त्याला इंटरनेटही वापरता येते. या सेवेसाठी लागणारा आकार मात्र देशांतर्गत आकारापेक्षा बराच अधिक असतो. तो कसा मोजला जातो याची कल्पना नसल्यास प्रवासाहून परतल्यावर अनपेक्षितपणे मोठे देयक हाती पडते. अशा देयकाला दूरसंचार क्षेत्रात 'बिल शॉक' असे म्हणतात. तो टाळण्यासाठी अनेक देशांच्या नियामक संस्थांनी नियम केले आहेत. असे असले तरी खर्च आटोक्यात ठेवण्याचा मुख्य भार अजूनही ग्राहकाच्या माहितीवर आणि दक्षतेवरच आहे.

संज्ञा

'रोमिंग' या मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ हिंडणे, भटकणे असा आहे. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. व्यवहारात व कंपन्यांच्या मराठी पत्रकांतही 'रोमिंग' हाच शब्द वापरला जातो. ग्राहकाने ज्या कंपनीचे सिमकार्ड घेतलेले असते तिला 'मूळ कंपनी' आणि परदेशात ज्या कंपनीचे मनोरे तो वापरतो तिला 'यजमान कंपनी' म्हणता येईल. या लेखात पुढे याच संज्ञा वापरल्या आहेत.

रोमिंगचे देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय असे दोन प्रकार आहेत. भारतात दूरसंचार परवान्यांसाठी २२ परिमंडळे आखलेली आहेत. त्यांत मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ असून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे परिमंडळ होते. पूर्वी एका परिमंडळातून दुसऱ्यात गेल्यावर रोमिंगचा आकार द्यावा लागे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०१३ व २०१५ मध्ये या आकाराच्या कमाल मर्यादा खाली आणल्या आणि २०१६ नंतरच्या तीव्र स्पर्धेत तो आकार व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला. त्यामुळे रोमिंग आता फुकट झाले आहे, असा समज पुष्कळांचा असतो. तो देशांतर्गत रोमिंगपुरताच खरा आहे.

इतिहास

एका देशाचा भ्रमणध्वनी दुसऱ्या देशात चालावा ही कल्पना प्रथम उत्तर युरोपात प्रत्यक्षात आली. १९८१ मध्ये सुरू झालेली 'नॉर्डिक मोबाइल टेलिफोन' ही यंत्रणा शेजारी देशांनी मिळून उभारली होती. तिचा ग्राहक सीमा ओलांडून गेला तरी त्याची सेवा चालू राहत असे. पुढे युरोपीय देशांनी 'जीएसएम' हे समान तांत्रिक मानक स्वीकारण्याचे ठरवले. त्यासंबंधीच्या सामंजस्य करारावर १९८७ मध्ये कोपनहेगन येथे १३ देशांतील कंपन्यांनी स्वाक्षऱ्या केल्या. जीएसएम जाळ्यावरील पहिला कॉल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला. १९९२ मध्ये टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनमधील व्होडाफोन या कंपन्यांत पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला.

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या दिवशी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकाता येथून दिल्लीत असलेले केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. भारतीय कंपन्यांनी प्रामुख्याने जीएसएम मानक स्वीकारल्यामुळे त्यांच्या ग्राहकांना परदेशांतील जीएसएम जाळी उपलब्ध होऊ शकली. २००२ नंतर देशात पसरलेल्या 'सीडीएमए' पद्धतीच्या ग्राहकांना मात्र ही सोय मर्यादित देशांतच मिळत असे. जपानसारख्या देशात तर दुसऱ्या पिढीचे मानकच वेगळे होते. त्यामुळे तिसऱ्या पिढीची जाळी येईपर्यंत परदेशी जीएसएम संच तेथे निरुपयोगी ठरत.

पहिल्या दीड दशकात रोमिंगचा खर्च मुख्यतः संभाषणाचा होता. ग्राहक किती मिनिटे बोलला हे त्याला स्वतःला ठाऊक असे, त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधता येई. २००७ नंतर स्मार्टफोनचा प्रसार झाला आणि ही स्थिती पालटली. खिशात ठेवलेला फोनही ग्राहकाच्या नकळत इंटरनेटवरून माहितीची देवाणघेवाण करू लागला. बिल शॉकच्या प्रश्नाला याच काळात तीव्र स्वरूप आले.

कार्यपद्धती

प्रत्येक सिमकार्डात जास्तीत जास्त १५ अंकी असा एक अंतर्गत ओळख क्रमांक साठवलेला असतो. ग्राहकाच्या नेहमीच्या दूरध्वनी क्रमांकापेक्षा तो वेगळा असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दर्शवतात. भारतासाठी ४०४ आणि ४०५ हे अंक नेमून दिलेले आहेत. त्यापुढील अंकांवरून कंपनी ओळखता येते.

विमानातून उतरल्यावर फोन चालू केला की तो आसपासच्या मनोऱ्यांचा शोध घेतो आणि हा ओळख क्रमांक यजमान कंपनीला कळवतो. यजमान कंपनी त्या अंकांवरून मूळ कंपनी ओळखते आणि तिच्याकडे विचारणा करते. दोन्ही कंपन्यांत करार असेल आणि ग्राहकाची रोमिंग सेवा चालू असेल, तर मूळ कंपनी होकार देते. मग यजमान कंपनी आपल्या 'पाहुण्यांच्या नोंदवही'त त्या ग्राहकाची तात्पुरती नोंद करते. त्याच वेळी मूळ कंपनीच्या कायम नोंदवहीतही ग्राहक सध्या कोठे आहे याची नोंद होते. ही सारी प्रक्रिया थोड्या वेळात पूर्ण होते आणि फोनच्या पडद्यावर परदेशी कंपनीचे नाव दिसू लागते.

ग्राहकाला भारतातून कॉल आला, तर तो प्रथम मूळ कंपनीकडेच जातो. नोंदवहीवरून ग्राहक परदेशात असल्याचे समजते. मूळ कंपनी यजमान कंपनीकडून एक तात्पुरता क्रमांक मागून घेते आणि त्या क्रमांकावर कॉल पुढे पाठवते. इंटरनेटच्या बाबतीत साधारणपणे ग्राहकाची माहिती यजमान कंपनीच्या जाळ्यातून मूळ कंपनीपर्यंत आणली जाते आणि तेथून ती इंटरनेटवर जाते. त्यामुळे परदेशात रोमिंगवर इंटरनेट वापरताना अनेकदा भारतातलीच संकेतस्थळे व सेवा दिसतात आणि वेगही काहीसा कमी जाणवतो.

यजमान कंपनी ग्राहकाच्या वापराच्या नोंदी ठरावीक स्वरूपाच्या संगणकीय धारिकांत भरून मूळ कंपनीकडे पाठवते. त्यांतील रक्कम पुष्कळदा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 'विशेष आहरण अधिकार' या हिशेबी एककात मांडलेली असते. या नोंदी येण्यास वेळ लागतो. म्हणूनच ग्राहकाला ॲपवर दिसणारा खर्च आणि अंतिम देयकातील खर्च यांत फरक पडू शकतो, तसेच एका महिन्यातील वापर पुढील महिन्याच्या देयकात येऊ शकतो.

खर्चाची रचना

घाऊक आणि किरकोळ दर

रोमिंगच्या दराचे दोन थर असतात. यजमान कंपनी मूळ कंपनीकडून जो दर घेते तो घाऊक दर होय. मूळ कंपनी ग्राहकाकडून जो दर घेते तो किरकोळ दर होय. घाऊक दर दोन कंपन्यांतील वाटाघाटींतून ठरतो. एखाद्या देशातून पुष्कळ प्रवासी येत-जात असतील तर दोन्ही बाजूंना सवलत मिळते. प्रवासी कमी असतील तर दर चढे राहतात. ज्याला पैसे द्यायचे असतात तो ग्राहक या वाटाघाटींत नसतो. शिवाय यजमान कंपनी दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली असते, त्यामुळे एकट्या देशाच्या नियामकाला तिचा घाऊक दर ठरवता येत नाही. रोमिंग दीर्घकाळ महाग राहण्याचे हे प्रमुख कारण मानले जाते.

येणाऱ्या कॉलचा आकार

भारतात असताना येणाऱ्या कॉलसाठी ग्राहकाला काही द्यावे लागत नाही. परदेशात मात्र द्यावे लागते. यामागील कारण असे की, फोन करणाऱ्याने भारतीय क्रमांक फिरवलेला असतो. समोरची व्यक्ती पुण्यात आहे की पॅरिसमध्ये, हे त्याला ठाऊक नसते आणि त्याच्याकडून देशांतर्गत दरानेच आकार घेतला जातो. तो कॉल भारतातून परदेशापर्यंत नेण्याचा खर्च मग रोमिंगवर असलेल्या ग्राहकाच्या खाती पडतो. येणारे लघुसंदेश मात्र बहुतेक कंपन्या विनामूल्य ठेवतात.

मोजणीचे एकक

संभाषण पुष्कळदा पूर्ण मिनिटांत मोजले जाते. अशा योजनेत ६१ सेकंदांचे बोलणे दोन मिनिटे धरले जाते. डेटा किलोबाइट किंवा मेगाबाइटमध्ये मोजला जातो. एक गिगाबाइट म्हणजे १,०२४ मेगाबाइट. देशांतर्गत योजनांत दिवसाला एक-दोन गिगाबाइट वापरण्याची सवय लागलेली असते. त्यामुळे प्रति मेगाबाइट दिलेला दर दिसायला लहान वाटला तरी प्रत्यक्षात तो फार मोठा असतो.

उदाहरण

पुढील उदाहरणातील दर केवळ हिशेब समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. येणाऱ्या कॉलसाठी मिनिटाला ६० रुपये, भारतात केलेल्या कॉलसाठी मिनिटाला १०० रुपये आणि डेटासाठी प्रति मेगाबाइट ५० रुपये असा दर मानू. दहा दिवसांच्या प्रवासात एका ग्राहकाने ३० मिनिटे आलेले आणि २० मिनिटे केलेले संभाषण वापरले. त्याच्या फोनने प्रत्येकी सुमारे ५ मेगाबाइटची ४० छायाचित्रे आपोआप साठवणसेवेवर चढवली.

- आलेले कॉल : ३० × ६० = १,८०० रुपये
- केलेले कॉल : २० × १०० = २,००० रुपये
- डेटा : २०० × ५० = १०,००० रुपये
- एकूण : १३,८०० रुपये
- वस्तू व सेवा कर (१८ टक्के) : २,४८४ रुपये
- देय रक्कम : १६,२८४ रुपये

यातील सर्वांत मोठी रक्कम ग्राहकाने जाणीवपूर्वक केलेल्या कोणत्याही कृतीची नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

अनपेक्षित खर्चाची कारणे

पार्श्वभूमीतील डेटा : ॲपची अद्ययावत आवृत्ती उतरवणे, छायाचित्रे साठवणे, ईमेल तपासणे, समूहांवरील चित्रफिती आपोआप उतरवणे ही कामे फोन स्वतःहून करत असतो.

कॉल वळवणे : कॉल न उचलल्यास तो ध्वनिपेटीकडे किंवा दुसऱ्या क्रमांकाकडे वळवण्याची सोय चालू असेल, तर परदेशात तिचा दुहेरी भुर्दंड बसू शकतो. कॉल आधी भारतातून परदेशात येतो आणि न उचलल्यामुळे पुन्हा भारतात वळवला जातो. एक शब्दही न बोलता दोन्ही दिशांचा आकार लागण्याची शक्यता असते.

सीमावर्ती भाग : मनोऱ्याच्या लहरी देशाची सीमा जाणत नाहीत. सीमेलगत राहणाऱ्या किंवा प्रवास करणाऱ्या व्यक्तीचा फोन शेजारी देशाच्या अधिक प्रबळ मनोऱ्याशी जोडला जाऊ शकतो. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा आणि बाझेल ही शहरे सीमेला लागून आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नसल्याने संघाचे रोमिंग नियम तेथे लागू नाहीत. 'युरोप' असे नाव असलेल्या प्रत्येक योजनेत स्वित्झर्लंड व ब्रिटन यांचा समावेश असेलच असे नाही. भारतातून निघणाऱ्या युरोप सहलींत या दोन्ही देशांचा बहुधा समावेश असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते.

जहाज आणि विमान : खोल समुद्रात व उड्डाणात जमिनीवरील मनोरे उपलब्ध नसतात. काही जहाजांत आणि विमानांत लहान मनोरे बसवून ते उपग्रहाद्वारे जोडलेले असतात. ही जाळी कोणत्याही देशाची गणली जात नाहीत आणि त्यांचे दर सर्वाधिक असतात. एखाद्या देशासाठी घेतलेली योजना तेथे लागू पडत नाही. गोवा व कोकणातील अनेक कुटुंबांतील माणसे जहाजांवर नोकरीला असल्याने या खर्चाची झळ त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते.

थांब्याचा देश : अमेरिकेला जाणारा प्रवासी दुबई किंवा दोहा येथे काही तास थांबतो. योजना फक्त अमेरिकेसाठी असेल, तर त्या काही तासांत वापरलेला डेटा मूळ चढ्या दराने आकारला जातो.

योजनेच्या अटी : योजनेचा कालावधी खरेदीच्या क्षणापासून, की परदेशातील पहिल्या वापरापासून सुरू होतो, 'एक दिवस' म्हणजे २४ तास, की भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीपर्यंतचा काळ, तिसऱ्या देशात केलेला कॉल योजनेत मोडतो की नाही, 'अमर्याद' डेटाचा वेग कोणत्या मर्यादेनंतर कमी होतो, या प्रत्येक बाबतीत कंपनीगणिक फरक आढळतो. काही योजना ठरावीक यजमान कंपन्यांच्या जाळ्यांवरच चालतात.

नियमन

युरोपीय संघ

रोमिंगच्या दरांवर सर्वांत व्यापक नियमन युरोपीय संघाने केले. २००७ च्या नियमावलीने संघातील रोमिंगसाठी कमाल किरकोळ दर ठरवला. केलेल्या कॉलसाठी मिनिटाला ०.४९ युरो आणि आलेल्या कॉलसाठी ०.२४ युरो अशी ती मर्यादा करपूर्व होती. २००९ मध्ये लघुसंदेशासाठी ०.११ युरोची मर्यादा आली. जुलै २०१० पासून डेटासाठी वेगळे संरक्षण लागू झाले. ग्राहकाने अन्य मर्यादा निवडली नसल्यास खर्च ५० युरोपर्यंत पोहोचताच डेटा थांबवावा आणि ८० टक्के मर्यादा गाठल्यावर पूर्वसूचना द्यावी, असे बंधन कंपन्यांवर घालण्यात आले.

जुलै २०१२ मध्ये डेटाचा कमाल किरकोळ दर प्रति मेगाबाइट ०.७० युरो होता. २०१४ मध्ये तो ०.२० युरोवर आला. अखेर १५ जून २०१७ पासून संघाच्या नागरिकांना संघातील अन्य देशांत प्रवास करताना घरच्याच दराने सेवा मिळू लागली. कायम वास्तव्य एका देशात आणि स्वस्त सिमकार्ड दुसऱ्या देशाचे, असा गैरवापर होऊ नये म्हणून 'वाजवी वापरा'च्या अटी ठेवण्यात आल्या. कंपनी किमान चार महिन्यांचा वापर तपासून ग्राहकाला सूचना देऊ शकते आणि खुलाशासाठी त्याला १४ दिवसांची मुदत मिळते. २०२२ मध्ये ही व्यवस्था २०३२ पर्यंत वाढवण्यात आली.

या नियमनाचा परिणाम घाऊक दरांत स्पष्ट दिसतो. २००९ मध्ये डेटाचा कमाल घाऊक दर प्रति मेगाबाइट १ युरो, म्हणजे गिगाबाइटला एक हजार युरोंहून अधिक होता. जुलै २०२२ मध्ये तो गिगाबाइटला २ युरो ठरवण्यात आला. ही सवलत संघातील कंपन्यांच्या ग्राहकांसाठी आहे. भारतीय सिमकार्ड घेऊन युरोपात गेलेल्या प्रवाशाला ती लागू होत नाही. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर तेथील ग्राहकांचा हा हक्क संपुष्टात आला आणि २०२२ पासून काही ब्रिटिश कंपन्यांनी युरोपातील रोमिंगवर पुन्हा आकार घेण्यास सुरुवात केली.

इतर देश व संस्था

अमेरिकेत ऑक्टोबर २०११ मध्ये संघीय दळणवळण आयोग आणि कंपन्यांची संघटना यांच्यात समझोता झाला. त्यानुसार मर्यादा ओलांडण्यापूर्वी व ओलांडल्यावर, तसेच परदेशी जाळ्याशी जोडणी झाल्यावर ग्राहकाला सूचना देण्याचे कंपन्यांनी स्वेच्छेने मान्य केले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१२ मध्ये सदस्य देशांना रोमिंगच्या दरांत पारदर्शकता व स्पर्धा आणण्याची शिफारस केली. त्याच वर्षी दुबई येथे झालेल्या जागतिक दूरसंचार परिषदेतही रोमिंगच्या दरांची माहिती ग्राहकाला वेळेवर मिळावी आणि सीमावर्ती भागातील अजाणता होणारे रोमिंग टळावे, या विषयांचा समावेश झाला.

भारत

भारतात दूरसंचार दरांच्या नियमनाचे काम १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ट्रायकडे आहे. आंतरराष्ट्रीय रोमिंगच्या किरकोळ दरांवर ट्रायने कमाल मर्यादा घातलेली नाही. ते ठरवण्याची मुभा कंपन्यांना आहे. बिल शॉक आणि ग्राहकाला मिळणारी माहिती या प्रश्नांवर ट्रायने मे २०२० मध्ये सल्लामसलतीसाठी एक पत्रिका प्रसिद्ध केली होती. भारतीय कंपन्यांच्या सिमकार्डांवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सामान्यतः बंद असते आणि ग्राहकाने मागणी केल्यावर किंवा योजना घेतल्यावर ते चालू होते.

खर्चावर नियंत्रण

प्रवासापूर्वी

- जाण्याचा देश, थांब्याचा देश आणि परतीचा मार्ग यांची यादी करून योजना या सर्व देशांत चालते का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवा केंद्रात विचारून घ्यावे.
- योजना संपल्यानंतर सेवा थांबते, की मूळ दराने चालू राहते, हे अवश्य विचारावे. पोस्टपेड ग्राहकांच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. शक्य असल्यास खर्चाची कमाल मर्यादा ठरवून घ्यावी.
- कॉल वळवण्याची सोय रद्द करावी. जीएसएम फोनवर ##००२# असे फिरवल्यास (अंक नेहमीच्या अंकफलकावरील) सर्व प्रकारचे वळवणे रद्द होते.
- छायाचित्रांची साठवण, ॲपचे अद्ययावतीकरण आणि चित्रफिती आपोआप उतरवणे केवळ वाय-फायवर होईल अशी रचना करावी. नकाशे आधीच उतरवून ठेवावेत.
- महत्त्वाचे क्रमांक देशाच्या संकेतांकासह (भारतासाठी +९१) साठवावेत.
- फोन त्या देशातील जाळ्यांवर चालतो का, हे पाहावे. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये तिसऱ्या पिढीची जाळी बंद केली. त्यामुळे चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून संभाषण करण्याची सोय नसलेले जुने संच तेथे कॉलसाठी उपयोगी पडत नाहीत.

प्रवासात

- योजना नसेल तर 'डेटा रोमिंग' हा पर्याय बंद ठेवावा. तो बंद असला तरी कॉल व लघुसंदेश येत राहतात.
- विमानात व जहाजावर 'विमान स्थिती' चालू ठेवावी आणि हवे असल्यास वाय-फाय स्वतंत्रपणे चालू करावे.
- योजना ठरावीक यजमान कंपनीपुरती असेल, किंवा मुक्काम सीमेलगत असेल, तर जाळ्याची निवड फोनवर सोडून न देता स्वतः करावी.
- अनोळखी परदेशी क्रमांकावरून एकदाच घंटी वाजून कॉल बंद झाल्यास त्यावर उलट कॉल करू नये. महागड्या क्रमांकाकडे ग्राहकाला ओढण्याची ही एक ज्ञात फसवणूक आहे.
- फोन हरवल्यास सिमकार्ड तत्काळ बंद करण्याची विनंती मूळ कंपनीला करावी. परदेशातून लागणारा तिचा क्रमांक फोनखेरीज कागदावरही लिहून ठेवावा.

परतल्यावर

योजना बंद झाली आहे का, याची खात्री करावी आणि पुढील दोन देयके बारकाईने तपासावीत.

पर्यायी साधने

स्थानिक सिमकार्ड : मुक्काम काही आठवड्यांचा असेल तर त्या देशाचे सिमकार्ड बहुधा स्वस्त पडते. त्यासाठी फोन एखाद्या कंपनीपुरता कुलूपबंद केलेला नसावा. अनेक देशांत पारपत्र दाखवून नोंदणी करावी लागते.

ईसिम : यात सिमकार्डाची चकती नसते, फोनमध्ये बसवलेल्या चिपमध्ये कंपनीची माहिती इंटरनेटद्वारे उतरवली जाते. २०१८ नंतर ही सोय असलेले फोन बाजारात वाढले. २०२२ मध्ये ॲपलने अमेरिकेसाठीच्या आयफोन १४ मधून सिमकार्डाची खाच काढून टाकली. ईसिममुळे भारतीय सिमकार्ड जागेवर ठेवून परदेशी डेटा योजना वापरता येते. प्रवाशांसाठीच्या पुष्कळ ईसिम योजना केवळ डेटासाठी असतात. त्यांच्यासोबत कॉलसाठी क्रमांक मिळत नाही. ईसिम वापरताना 'डेटासाठी कोणते सिम' हा पर्याय तपासणे आवश्यक आहे. अन्यथा डेटा भारतीय सिमकार्डावरूनच खर्च होत राहतो.

वाय-फाय : निवासाच्या ठिकाणी मिळणाऱ्या वाय-फायवरून इंटरनेट आधारित कॉल करता येतात. 'वाय-फाय कॉलिंग' ही कंपनीची सेवा वापरल्यास तिचा आकार देशांतर्गत दराने लागतो की रोमिंगच्या दराने, हे कंपनीनुसार बदलते. सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळणे हिताचे असते.

भारतीय क्रमांक चालू ठेवण्याची गरज

रोमिंग टाळून केवळ परदेशी सिमकार्ड वापरण्यात एक अडचण आहे. बँक, आधार, प्राप्तिकर आणि निवृत्तिवेतन यांसंबंधीचे एकवेळचे संकेतांक (ओटीपी) भारतीय क्रमांकावरच येतात. मुलांकडे अमेरिकेत किंवा आखाती देशांत काही महिने राहायला जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना याची अडचण विशेष जाणवते. क्रमांक बंद पडला तर परदेशात बसून आपल्याच खात्यातील पैसे हलवणे कठीण होते.

यावर सामान्यतः असा मार्ग अवलंबला जातो : भारतीय सिमकार्ड फोनमध्ये ठेवावे, त्यावरील रोमिंग सेवा चालू करून घ्यावी, डेटा रोमिंग बंद ठेवावे आणि इंटरनेटसाठी स्थानिक सिमकार्ड, ईसिम किंवा वाय-फाय वापरावे. संकेतांकाचा लघुसंदेश येण्यासाठी डेटाची आवश्यकता नसते. भारतीय क्रमांकावर आलेला कॉल उचलल्यास मात्र आकार लागतो, त्यामुळे आप्तांना इंटरनेटवरून कॉल करण्यास सांगून ठेवावे. प्रीपेड क्रमांकाची वैधता संपणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते. दीर्घकाळ, म्हणजे ९० दिवस, कोणताच वापर न झाल्यास क्रमांक बंद होऊन पुढे दुसऱ्या व्यक्तीला दिला जाऊ शकतो. घरातील विश्वासू व्यक्तीने भारतातून वेळोवेळी रिचार्ज करणे हा सोपा उपाय आहे.

तक्रारनिवारण

देयक चुकीचे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ही द्विस्तरीय व्यवस्था ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनी घालून दिलेली आहे. वैयक्तिक तक्रारींचा निवाडा ट्राय स्वतः करत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाता येते की नाही, याबाबत बराच काळ संदिग्धता होती. २००९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तार अधिनियमातील लवादाच्या तरतुदीकडे बोट दाखवले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की, दूरसंचार सेवेतील त्रुटींबाबत ग्राहक मंचाकडे दाद मागता येते. त्यामुळे कंपनीकडे दाद न मिळाल्यास ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उपलब्ध आहे.

तक्रारीसाठी योजना घेतल्याचा संदेश, परदेशात उतरल्यावर आलेला दरांविषयीचा संदेश, फोनमधील डेटा वापराच्या नोंदीचे चित्र आणि प्रवासाची तिकिटे हे पुरावे उपयोगी पडतात. त्यामुळे अंतिम देयक येईपर्यंत हे संदेश पुसून टाकू नयेत.

हेही पहा

- भ्रमणध्वनी
- सिमकार्ड
- जीएसएम
- भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण
- ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९